वाचक विचारतात: वसंतातली गटभटकंती, चिखल, गायी आणि ब्लूबेल्स

मार्च ते मे या तीन महिन्यांत ब्रिटनमधल्या ग्रामीण पायवाटांवर गटाने फिरायला निघणाऱ्या वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांतले कायदे इंग्लंड आणि वेल्सपुरते आहेत. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. २००३ च्या भू-सुधारणा कायद्यामुळे तिथे जबाबदारीने वागणाऱ्याला बहुतेक मोकळ्या जमिनीवर फिरता येतं.

प्रश्न: आमचा वीस-बावीस जणांचा गट आहे. त्यात दहा-बारा वर्षांची मुलं आहेत आणि भारतातून आलेले काहींचे आई-बाबाही. नकाशावर ११ किलोमीटरची वाट तीन तासांत होईल असं वाटतं, प्रत्यक्षात दर वेळी संध्याकाळ होते. आमचं गणित कुठे चुकतं?

सगळे बहुधा एकच सूत्र वापरतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने ते १८९२ मध्ये मांडलं. आजच्या मापात सांगायचं तर दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तुमची वाट ११ किलोमीटरची आणि एकूण चढ २५० मीटर धरला, तर २ तास १२ मिनिटं अधिक २५ मिनिटं, म्हणजे २ तास ३७ मिनिटं. पण हे सूत्र धडधाकट, न थांबता चालणाऱ्या माणसासाठी आहे. ते जसंच्या तसं गटाला लावलं की फसगत ठरलेली.

मिश्र गटाचा वेग ताशी ३.५ किलोमीटर धरा. चिखल असेल तर ३ धरा. ३.५ ने ११ किलोमीटरला ३ तास ९ मिनिटं लागतात, चढाची २५ मिनिटं धरून ३ तास ३४ मिनिटं. आता जे कुणीच मोजत नाही ते मोजा. कुंपण ओलांडायला ज्या लाकडी किंवा दगडी पायऱ्या असतात, ज्यांना इथे स्टाइल म्हणतात, त्यांवरून एका वेळी एकच जण जातो. पाठीवर सॅक, गुडघा कुरकुरतोय, पायरी ओली, म्हणजे माणशी वीस सेकंद सहज जातात. बावीस माणसांना सात मिनिटं झाली. वाटेत अशा सहा स्टाइल असतील तर पाऊण तास तिथेच गेला. जेवणाचे ४० मिनिटं आणि दहा-दहा मिनिटांच्या दोन विश्रांती मिळवा. बेरीज सव्वापाच तासांवर जाते. सकाळी साडेदहाला निघालात तर पावणेचारला परत, आणि हा हिशोब कुणी वाट चुकलं नाही तरचा.

चढ मोजताना सुरुवातीची आणि शेवटची उंची बघून चालत नाही. वाटेतला प्रत्येक चढ वेगळा धरून बेरीज करायची. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा १:२५,००० प्रमाणाचा असतो, त्यात ४ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि निळ्या रेघांचा प्रत्येक चौकोन बरोबर एका किलोमीटरचा. दोऱ्याने वाट मोजताना वळणं सरळ होतात आणि अंतर कमी भरतं, म्हणून आलेल्या आकड्यात दहा टक्के वाढवून घ्या.

वयस्कर मंडळी पहिल्यांदाच येणार असतील तर ११ चा आग्रह सोडा. ७ ते ८ किलोमीटर, चार तास, आणि मधेच सोडून बस पकडता येईल अशी एक जागा, एवढं पुरे. उतारावर गुडघे दुखणाऱ्यांना चालण्याच्या काठ्यांची जोडी द्या. सपाटीवर काठीची उंची अशी ठेवायची की मूठ धरल्यावर कोपर काटकोनात येईल. उतारावर ती ५ ते १० सेंटीमीटर वाढवायची. बहुतेक लोक हे वाढवणं विसरतात, मग काठी असूनही पुढे वाकून उतरतात आणि सगळा भार पुन्हा गुडघ्यावरच येतो.

प्रश्न: गट नेहमी पांगतो. पुढचे पुढे निघून जातात, मागचे चिडतात. उपाय काय?

दोन माणसं नेमा. एक म्होरक्या, दुसरा पिछाडी सांभाळणारा. म्होरक्याच्या पुढे कुणी जायचं नाही, पिछाडीवाल्याच्या मागे कुणी राहायचं नाही. दोघांच्या फोनवर वाटेची नोंद हवी आणि दोघांकडे एकमेकांचा नंबर हवा. निघताना माणसं मोजा, आणि प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक जेवणानंतर पुन्हा मोजा.

स्टाइलपाशी एक साधा नियम पाळा. ओलांडलेल्यांनी तिथेच घोळका करायचा नाही, पन्नासेक पावलं पुढे जाऊन थांबायचं, म्हणजे मागच्यांना उतरायला जागा राहते. सगळे आल्याशिवाय मात्र पुढे निघायचं नाही.

खरी कुरबुर विश्रांतीवरून होते. पुढचे दहा मिनिटं बसून ताजेतवाने होतात, शेवटचा माणूस धापा टाकत पोहोचतो आणि म्होरक्या म्हणतो, “चला, सगळे आले!” ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याला विश्रांती शून्य. विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस टेकल्यापासून सुरू करा. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात.

प्रश्न: आठवडाभर ऊन असूनही मार्चमध्ये वाटा चिखलाने भरलेल्या का असतात? कोरडी वाट आधीच ओळखता येते का?

हिवाळ्यात जमीन पाणी पिऊन तुडुंब झालेली असते. मार्चमधल्या उन्हात बाष्पीभवन कमी आणि झाडांना अजून पालवी नाही, म्हणजे जमिनीतलं पाणी ओढून घेणारं कुणी नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात पानं फुटली की माती झपाट्याने सुकू लागते. त्यामुळे मार्चची सहल आखताना अंतरापेक्षा माती आधी बघा.

वाळूची जमीन पाणी धरत नाही. सरेमधल्या ग्रीनसँड टेकड्या आणि झुडपी हीथचे माळ म्हणूनच मार्चमध्ये चांगले. साउथ डाउन्ससारख्या चुनखडीच्या टेकड्यांवरही पाणी खाली झिरपून जातं, पण उघडी पांढरी चुनखडी ओली झाली की उतारावर पाय टिकत नाही. चिल्टर्न्सचं नाव चुनखडीसाठी घेतात, मात्र तिथल्या माथ्यांवर गारगोट्यांची चिकणमाती पसरलेली आहे. उतार कोरडे आणि माथ्यावरच्या जंगलात घोटाभर चिखल, असा अनुभव तिथे येतो. दक्षिणेतल्या वील्डची चिकणमाती तर मे महिन्यासाठी राखून ठेवावी.

दुसरी खूण वाटेच्या प्रकारात आहे. खांबांवर आणि फाटकांवर बाण लावलेले असतात. पिवळा बाण फक्त पायी चालणाऱ्यांच्या वाटेचा. निळा बाण ब्राइडलवेचा, तिथे घोडे आणि सायकलीही येतात. खुरांनी वाट खोल खणली जाते, म्हणून ओल्या दिवसांत निळ्या बाणांपेक्षा पिवळे बरे. गुरांच्या कुरणाचं फाटक, पाण्याचं टाकं आणि नदीकाठचा सखल पट्टा, या तीन जागी चिखल हमखास.

डबकं आलं की कडेने वळसा घ्यायचा मोह होतो. बावीस माणसांनी तो घेतला की मीटरभराची पायवाट चार मीटरची होते आणि कडेचं गवत त्या वर्षी परत उगवत नाही. बूट त्यासाठीच घेतलेत, मधून चाला.

प्रश्न: त्या बुटांबद्दलच सांगा. वॉटरप्रूफ घेतले तरी मोजे भिजतात.

कारण पाणी बुटाच्या कापडातून येत नाही, वरच्या तोंडातून येतं. गुडघाभर ओल्या गवतातून चालताना पँट भिजते, पाणी निथळत मोज्यात उतरतं आणि वॉटरप्रूफ बूट ते आत धरून ठेवतो. घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारी कापडी आवरणं, लावा. ते नसतील तर पावसाळी पँट बुटाच्या बाहेरून सोडा, आत खोचू नका.

तळवा बघून बूट घ्या. खाचा निदान ४ मिलिमीटर खोल आणि एकमेकींपासून लांब हव्यात, दाट खाचांत चिखल अडकून तळवा गुळगुळीत होतो. धावण्याचे बूट कोरड्या वाटेवर चालतील, ओल्या गवताच्या उतारावर नाही. बूट दुपारनंतर, जाड मोजे घालून निवडावेत कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. दुकानात उतरणीची फळी असेल तर तिच्यावरून उतरून बघा. बोटं पुढे टेकली तर अर्धा नंबर वाढवा, नाहीतर लांब उतारानंतर नखं काळी पडतात.

नवे बूट थेट सहलीला नकोत. टाचेला कुठे गरम वाटू लागलं की पुढच्या थांब्याची वाट बघू नका, तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी फक्त समाधान देते. घरी आल्यावर चिखल पाण्याने धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि बूट वाऱ्यावर वाळवा. रेडिएटरवर ठेवले तर चामडं तडकतं आणि तळव्याचा गोंद सुटतो.

जीन्स मात्र घरी ठेवा. भिजली की जड होते, लवकर वाळत नाही आणि वाऱ्यात अंग गारठवते. उंचीबरोबर तापमान दर १०० मीटरला साधारण अर्ध्या ते एक अंशाने उतरतं, शिवाय माथ्यावर वारा. गावात टी-शर्टची हवा असली तरी ४०० मीटरवर टोपी आणि हातमोजे लागतात, एप्रिलमध्येसुद्धा.

प्रश्न: नकाशात पायवाट शेताच्या मधोमध दाखवली आहे, प्रत्यक्षात तिथे नांगरट किंवा कमरेएवढं पीक. काय करायचं? शेतकऱ्याशी वाद नको आहे.

एक्सप्लोररवर हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेली वाट हा सार्वजनिक हक्काचा रस्ता असतो. ती वाट शेतामधून जात असेल तर शेतकऱ्याला तिच्यावरून नांगर फिरवता येतो, पण वाट परत करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पेरणीसाठी पहिल्यांदा जमीन उकरल्यावर १४ दिवसांत, त्यानंतरच्या प्रत्येक मशागतीनंतर २४ तासांत. शेतामधल्या पायवाटेची रुंदी किमान १ मीटर आणि ब्राइडलवेची २ मीटर ठेवावी लागते. शेताच्या कडेने जाणारी वाट नांगरताच येत नाही.

म्हणून नुकती नांगरलेली जमीन दिसली की लगेच शेतकऱ्याला दोष देऊ नका, कदाचित त्याची मुदत चालू असेल. समोरच्या कुंपणातली स्टाइल किंवा बाणाचा खांब हेरा आणि एकामागून एक, सरळ रेषेत जा. बावीस माणसांनी एका ओळीत चालल्यावर मागे आपसूक वाट उमटते. पिकातून जातानाही तेच. हक्काच्या रेषेवरून चालताना पीक तुडवलं गेलं तर तो गुन्हा नाही. उलट कडेकडेने वळसा घातलात, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही हक्काची वाट सोडलेली असते, जरी व्यवहारात त्यावरून कुणी फारसं बोलत नाही.

मे महिन्यातला त्रास रेपसीडचा. पिवळीधमक फुललेली शेतं लांबून सुंदर दिसतात, पण वाट मोकळी ठेवलेली नसेल तर छातीएवढी चिवट झाडं एकमेकांत गुंतलेली असतात आणि सकाळच्या दवाने माणूस कमरेपर्यंत चिंब होतो. परागांचा त्रास असणाऱ्यांनी तर अशी वाट टाळावीच. तक्रार करायची असेल तर स्थानिक प्रशासनाच्या हक्काच्या वाटांच्या विभागाकडे करा. तारीख, फोटो आणि सहा आकडी नकाशा-संदर्भ द्या. “गावाजवळचं शेत” एवढंच लिहिलेल्या तक्रारीचं पुढे काही होत नाही.

प्रश्न: आमच्यातले काही जण गायींच्या अगदी जवळ जातात, हात लावतात. इथे ते सुरक्षित आहे का? आणि कुत्रा बरोबर असेल तर?

हात लावू नका. “गरीब गाय” हा आपला समज रस्त्यात माणसांमध्ये वावरणाऱ्या गायीवरून झालेला आहे. इथल्या दुभत्या गायींना निदान रोज माणसं दिसतात. मांसासाठी पाळलेल्या जातींच्या गायी मात्र वासरांसह महिनोन् महिने कुरणात असतात, माणूस त्यांना क्वचित दिसतो, आणि वासरू लहान असताना त्या चाल करून येतात. सहाशे-सातशे किलोचं जनावर अंगावर आलं तर काठीचा उपयोग नसतो.

कुरणात शिरण्याआधी फाटकावरच थांबून बघा. गायी कुठे आहेत, वासरं कुठे, पलीकडचं फाटक कुठे. गाय आणि वासरू यांच्यामधून कधीही जायचं नाही. गट एकत्र, शांतपणे, न पळता, लांबून वळसा घेत चालावा. गुरांमुळे धोका वाटला तर वाट सोडून सुरक्षित अंतराने वळसा घ्या आणि पुढे पुन्हा वाटेला लागा, हे सर्वमान्य आहे. एप्रिल-मे मध्ये गोठ्यातून नुकतीच बाहेर सोडलेली जनावरं उधळतात. तरणी खोंडं नुसत्या कुतूहलाने मागे लागतात. त्यांच्याकडे तोंड करा, हात पसरा, ती थांबतात. पाठ दाखवून पळालात तर तीही पळतात.

वळूबद्दल १९८१ च्या वन्यजीव आणि ग्रामीण भाग कायद्यात नियम आहे. दुभत्या जातींचा १० महिन्यांवरचा वळू पायवाट जाणाऱ्या कुरणात ठेवता येत नाही. इतर जातींचा ठेवता येतो, पण त्याच्याबरोबर गायी किंवा कालवडी असल्या पाहिजेत. म्हणजे कुरणात वळू दिसला म्हणून तो बेकायदेशीर असेलच असं नाही.

कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै या काळात मोकळ्या प्रवेशाच्या जमिनीवर (जिथे वाट सोडूनही फिरायचा हक्क असतो) तो २ मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीवर ठेवणं बंधनकारक आहे, कारण पक्षी जमिनीवर अंडी घालतात. गुराढोरांजवळ तर वर्षभर. एकच अपवाद, आणि तो सगळ्यांना तोंडपाठ हवा: गुरं अंगावर आली तर दोरी सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो. तो पळून सुटतो, त्याला कवटाळलेला माणूस सापडतो.

मेंढ्यांबद्दल दोन गोष्टी. कोकरू एकटं दिसलं तरी उचलू नका, आई बहुधा जवळच चरत असते आणि तुम्ही गेल्याशिवाय ती येणार नाही. मात्र मेंढी पाठीवर पडून चारही पाय वर करून झगडत असेल, तर ती खरोखर संकटात आहे. गाभण किंवा लोकरीने जड झालेल्या मेंढीला एकदा उताणी झाल्यावर उठता येत नाही. पोटात वायू साचून ती काही तासांत मरू शकते. शेतकरी जवळ नसेल तर कुशीजवळची लोकर दोन्ही हातांनी घट्ट धरा, तिला कुशीवर वळवून पायांवर उभी करा आणि लगेच सोडू नका. पाय बधिर झालेले असतात, अर्धा-एक मिनिट आधार दिला नाही तर ती पुन्हा कोलमडते. गरोदर स्त्रियांनी हे काम दुसऱ्यांवर सोपवावं. विणीच्या काळातल्या मेंढ्या आणि नवजात कोकरांमुळे गर्भाला घातक असे संसर्ग होऊ शकतात, म्हणून त्यांच्यापासून दूर राहण्याचा वैद्यकीय सल्ला आहे.

प्रश्न: जंगलातली निळी ब्लूबेल्सची फुलं बघायला नेमकं कधी जायचं? आणि रानलसूण तोडून आणली तर चालते का?

दक्षिण इंग्लंडमध्ये एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत, उत्तरेला त्यानंतर थोडे दिवस. वरच्या झाडांची पालवी दाट होण्याआधी जमिनीवर ऊन पोहोचतं तेवढ्याच दिवसांत ही फुलं उरकून घेतात, त्यामुळे उबदार वसंतात सगळं आठवडाभर आधी होतं. हर्टफर्डशरमधलं अ‍ॅशरिज आणि हॅम्पशरमधलं मिचेलडेव्हर वुड यांची नावं प्रसिद्ध आहेत. रविवारी सकाळी नऊच्या आत पोहोचलात तरच गाडी लावायला जागा मिळेल. त्याआधी, मार्चअखेर, नॉर्थ यॉर्क मूर्समधल्या फार्नडेलला डव्ह नदीकाठची रानडॅफोडिल्स बघता येतात.

मूळची ब्रिटिश ब्लूबेल ओळखायची तर देठ एका बाजूला झुकलेला, फुलं त्याच बाजूला लोंबणारी, पराग पिवळसर पांढरे, वास मंद गोड. बागांतून पसरलेली स्पॅनिश जात ताठ उभी असते, फुलं सगळ्या बाजूंना आणि पराग बहुधा निळसर. कंद उपटणं बेकायदेशीर आहे. पण नुकसान होतं ते मुख्यतः फोटोंमुळे. फुलांमध्ये बसून फोटो काढताना पानं चिरडतात, चिरडलेलं पान कंदासाठी अन्न तयार करू शकत नाही, आणि ती जागा पुन्हा भरायला कित्येक वर्षं लागतात. वाटेवरच खाली बसा आणि कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणा. फोटोत तुम्ही फुलांच्या मधोमधच दिसता.

सार्वजनिक वाटेवरची रानलसूण स्वतःपुरती, थोडी पानं खुडायला सहसा हरकत नसते. मुळासकट उपटायला जमीनमालकाची परवानगी लागते, आणि संरक्षित निसर्गक्षेत्रांत खुडायलाही बंदी असू शकते. धोका मात्र वेगळाच आहे. त्याच ओलसर सावलीत, त्याच गुच्छात, लॉर्ड्स-अँड-लेडीज नावाची विषारी वनस्पती उगवते. ती अळूच्याच कुळातली आहे. अळू खाजरा निघाला की घशात जे सुयांसारखे स्फटिक टोचतात, तेच हिच्यात भरपूर असतात आणि जिभेला, घशाला सूज येते. कोवळेपणी तिची पानं लसणीच्या पानांसारखीच लांबट दिसतात, बाणाचा आकार नंतर येतो. लसणीच्या पानाच्या शिरा देठापासून टोकापर्यंत समांतर धावतात, हिच्या शिरांची जाळी असते. लिली ऑफ द व्हॅलीच्या शिराही समांतरच असतात, त्यामुळे तिथे ही खूण चालत नाही. ती तर जास्तच विषारी, हृदयावर परिणाम करणारी. वासावर भरवसा ठेवाल तर पहिल्या चार पानांनंतर बोटांनाच लसणीचा वास लागतो आणि मग प्रत्येक पान लसूणच वाटतं. मूठभर ओरबाडू नका. एकेक पान, बघून. शंका आली की टाका.

प्रश्न: गवतातून आल्यावर मुलाच्या पायाला गोचीड चिकटलेली दिसली. घाबरायचं का?

घाबरू नका, पण लगेच काढा. वसंतात दिसणारी बाल-गोचीड खसखशीच्या दाण्याएवढीच असते, त्यामुळे घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, मुलांच्या केसांच्या रेषेशी नीट तपासा. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरा आणि न पिळता, न झटकता सरळ वर, सावकाश ओढा. तेल, व्हॅसलीन, जळती काडी यातलं काही नको, त्याने गोचीड चावलेल्या जागी लाळ सोडण्याची शक्यता वाढते. नंतर साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा.

सगळ्या गोचिडींमध्ये लाइम रोगाचे जंतू नसतात. पुढच्या १ ते ४ आठवड्यांत, कधी ३ महिन्यांपर्यंतही, चावलेल्या जागेभोवती पसरत जाणारा चट्टा आला किंवा फ्लूसारखं अंग मोडून आलं तर जीपीकडे (तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे) जा आणि गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. पुस्तकांत दाखवलेली लालभडक वर्तुळं गोऱ्या कातडीवरची असतात. सावळ्या रंगावर तोच चट्टा तपकिरी, जांभळट किंवा नुसता काळपट दिसू शकतो, आणि म्हणून आपल्या लोकांकडून तो राहून जातो. चट्टा वाढतोय का हे कळण्यासाठी कडेने पेनाने रेघ मारून ठेवा.

प्रश्न: एप्रिलमध्ये पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउट या पठारावर जायचं म्हणतोय. तिथल्या इतिहासाबद्दल थोडक्यात सांगाल का?

२४ एप्रिल १९३२ ला शेकडो चालणारे हेफील्डजवळच्या बोडन ब्रिज खाणीतून निघाले आणि शिकारीसाठी राखलेल्या किंडरच्या खासगी माळावर जाणूनबुजून शिरले. पुढे होता बेनी रॉथमन, जेमतेम विशीतला. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. १९३५ मध्ये रॅम्बलर्स ही चालणाऱ्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली, १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००० च्या कायद्याने डोंगर, माळ आणि हीथवर पायी फिरण्याचा हक्क मिळाला. पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेचं उद्घाटनही २४ एप्रिललाच, १९६५ मध्ये झालं.

आता व्यवहाराचं. किंडरचं पठार ६०० मीटरच्या वर आहे आणि वर काळी पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची दलदली जमीन, खाचा आणि ओघळ. धुक्यात सगळे ओघळ सारखेच दिसतात. मिश्र गटाने पठाराच्या मध्यात न शिरता कडेची वाट धरावी, आणि ढग खाली असतील तर त्या दिवशी जाऊच नये.

प्रश्न: घड्याळ पुढे जातं त्या रविवारी सहल ठेवावी का?

ठेवू नका. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे एकला घड्याळ दोनवर जातं. फोन आपोआप बदलतो, बऱ्याच गाड्यांमधलं आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ बदलत नाही. तीन-चार जण तासभर उशिरा येतात आणि उरलेले थंडीत उभे. पुढच्या रविवारपासून मात्र उजेड संध्याकाळी साडेसातपर्यंत टिकतो, मोठ्या वाटा तेव्हा काढा.

प्रश्न: कुणी पाय मुरगळून पडलं आणि आसपास गाव नसेल तर मदत कशी मागवायची?

९९९ लावा. डोंगराळ भागात आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू हवं असं सांगा, थेट रुग्णवाहिका मागितली तर ती डांबरी रस्त्यापर्यंतच येते. सपाटीवर, रस्ता जवळ असेल तर रुग्णवाहिका. आवाज पोहोचण्याइतकं नेटवर्क नसतानाही कधीकधी संदेश जातो, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते. ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ वर पाठवा, आलेल्या सूचनेप्रमाणे उत्तर द्या, झालं. हे घरी बसून करायचं काम आहे. गटातल्या प्रत्येकाकडून निघण्याआधी करून घ्या.

जागा सांगताना नकाशा-संदर्भ द्या. उदाहरणार्थ पीक डिस्ट्रिक्टमधल्या मॅम टॉर टेकडीचा माथा एसके १२७ ८३६. ‘एसके’ ही नकाशावरच्या मोठ्या चौकोनाची अक्षरं. पहिले तीन आकडे डावीकडून उजवीकडे, नंतरचे तीन खालून वर, आणि तिसरा व सहावा आकडा म्हणजे चौकोनाचे दहावे भाग. यातून १०० मीटरचा चौकोन मिळतो. क्रम उलटा झाला तर मदत भलत्याच दरीत जाईल, म्हणून आकडे समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. शिट्टी असेल तर मिनिटात सहा फुंकी, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. तीन फुंकी ऐकू आल्या तर ते उत्तर असतं, तरी तुम्ही माणसं दिसेपर्यंत थांबू नका.

तोवर जखमी माणसाला जमिनीपासून वेगळं करा. सॅक, दोरी, रेनकोट, जे असेल ते खाली घाला. अंगावर दोन जॅकेट टाकण्यापेक्षा अंगाखाली एक घालणं जास्त कामाचं, कारण ओली जमीन शरीराची ऊब हवेपेक्षा जास्त भराभर खेचते. बूट काढू नका. सूज आली की तो परत चढत नाही, आणि घट्ट बांधलेला बूट घोट्याला आधारही देतो. पावलं बधिर होऊ लागली तर फक्त लेस सैल करा.

प्रश्न: सहल आधी बघून यावी लागते का? आणि परवानगी, विमा वगैरे?

सार्वजनिक वाटेवर गटाने चालायला परवानगी लागत नाही. रॅम्बलर्सच्या गटांनी आखलेल्या सहलींना संघटनेच्या विम्याचं संरक्षण असतं. तुमचा गट स्वतंत्र असेल आणि तसं संरक्षण हवं असेल तर सार्वजनिक दायित्वाचा विमा (दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) वेगळा घ्यावा लागतो.

आधी बघून येणं मात्र टाळू नका, आणि ते सहलीच्या सात ते दहा दिवस आधीच करा. महिनाभर आधी बघितलेली वाट वसंतात ओळखू येत नाही. ओढ्याला पाणी चढलेलं असतं, कोकरांच्या कुरणापाशी पर्यायी वाटेची पाटी लागलेली असते, वाऱ्यात झाड आडवं झालेलं असतं. दोघांनी जा, जो म्होरक्या होणार आहे तो एक हवाच. स्टाइल मोजा, बावीस जण वाऱ्याआड बसतील अशी जेवणाची जागा हेरा, स्वच्छतागृह उघडं आहे का बघा, रविवारची बस खरंच येते का ते थांब्यावरच्या वेळापत्रकात तपासा. गाड्या मोजायला विसरू नका. बावीस माणसं म्हणजे सहा-सात गाड्या, आणि गावाच्या अरुंद रस्त्यात शेताच्या फाटकासमोर एक जरी लागली तर ट्रॅक्टर अडकतो. पेरणीच्या आणि विणीच्या दिवसांत त्या फाटकाची गरज रविवारीही पडते.